सामान्य श्रोत्यासमोर वाचन

४ जानेवारी

आज टेबल मिळालं. त्याचा एक खण उघडत नाही आणि खुर्चीचं एक चाक बाकीच्यांच्या उलट दिशेला जातं, पण टेबलावर पाटी आहे: ‘सहायक, मानके कक्ष’. आमच्या घरात पदवी घेणारी पहिली मी, पाटी मिळवणारीही पहिली मीच. बाबांनी विचारलं, “पाटीवर तुझं नाव नाही?” मी म्हटलं, “बाबा, माणसं बदलतात, पद राहतं.” हे मलाही सकाळीच सांगण्यात आलं होतं. आई म्हणाली, “आधी त्या खणाला तेल घाल.”

ज्या कायद्यासाठी माझी नेमणूक झाली तो येताना बसमध्ये पुन्हा वाचला. सरकारी पैशातून लैंगिक आरोग्याचं शिक्षण द्यायचं तर ते चार मानकांना उतरायला हवं: वैद्यकीयदृष्ट्या अचूक, वयाला साजेसं, कुणाला कमी न लेखणारं आणि सामान्य माणसाला समजणारं. किती साधं, आणि किती मोठं. शेजारच्या बाईंनी मान वाकडी करून मथळा वाचला आणि पुढच्या थांब्यावर जागा बदलली. मला राग आला नाही. अशाच बाईंसाठी हा कायदा आहे.

माझं काम: शाळांत आणि दवाखान्यांत ठेवायची एक पुस्तिका लिहायची, आणि ती समितीकडून मंजूर करून घ्यायची.

१२ जानेवारी

समितीची ओळख झाली. अध्यक्षसाहेब निवृत्त अधिकारी आहेत. ते विषयाचं नाव घेत नाहीत, ‘आपला विषय’ म्हणतात. कायदा सल्लागार वकीलबाई आहेत. त्यांच्या कायद्याच्या प्रतीला इतक्या रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या आहेत की ती फुगून मिटतच नाही. डॉक्टर सरकारी रुग्णालयात बायकांच्या विभागाचे प्रमुख आहेत, बैठकीत सतत फोनवर रुग्णांचे अहवाल बघतात. आणि पालकांचे प्रतिनिधी, त्यांचं गाद्यांचं दुकान आहे. त्यांनी मला विचारलं, “तुमचं लग्न झालंय का?” मी म्हटलं, नाही. “मग हे सगळं तुम्ही कशावरून लिहिणार?” मी म्हटलं, “संदर्भग्रंथांवरून.” त्यांना ते पटलं. म्हणजे निदान ते गप्प बसले.

वकीलबाईंनी कलम सात समजावून दिलं. प्रत्येक मसुदा एका ‘सामान्य श्रोत्या’समोर मोठ्याने वाचायचा. श्रोता फार शिकलेला नको आणि त्याला विषयाचं विशेष ज्ञान नको. त्याला समजलं तर मानक पूर्ण.

“असा माणूस कुठे मिळेल?” अध्यक्ष काळजीत पडले.

मी म्हटलं, “माझी आई आहे.”

हे बोलताना मला अभिमान वाटला. नंतर जरा विचित्रही वाटलं.

२३ जानेवारी

पहिला मसुदा पूर्ण. चाळीस पानं. वयात येण्यापासून उतारवयापर्यंत सगळं, साध्या शब्दांत. रविवार होता म्हणून सकाळीच आईसमोर वाचन केलं.

आई घरी शिलाईकाम करते. म्हणाली, “तू वाच, माझे हात चालू देत. कान काय, रिकामेच आहेत.” मी पहिलं पान सुरू केलं आणि तिसऱ्या ओळीला बाबा उठले. “पाण्याची टाकी भरली का बघून येतो,” म्हणाले, आणि गच्चीवर गेले. टाकी रोज सकाळी आपोआप भरते.

आईने छान ऐकलं. मधूनमधून हसली. एका ठिकाणी म्हणाली, “हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर मी इतकी घाबरले नसते.” मी ते शेऱ्यांत लिहून घेतलं: ‘उपयुक्त.’

शेवटच्या प्रकरणात हे वाक्य आहे: ‘पाळी कायमची बंद झाल्यानंतर पुन्हा कधीही रक्त दिसलं, अगदी थोडं असलं तरी, डॉक्टरांना दाखवा, बहुतेक वेळा कारण साधं असतं, पण तपासल्याशिवाय ते कळत नाही.’ इथे आईचं मशीन थांबलं.

“परत वाच,” ती म्हणाली.

मी परत वाचलं.

“बंद झाल्यावर म्हणजे किती बंद झाल्यावर?”

“वर्षभर आली नाही की बंद झाली असं धरतात. तुझी तर तीन वर्षांपूर्वीच गेली ना?”

“माझं काय विचारतेस? मी आपलं पुस्तकाचं विचारतेय.” तिने दोरा तोडला. “बरं लिहिलंयस.”

शेऱ्यांत लिहिलं: ‘एक वाक्य श्रोत्यास दोनदा वाचून दाखवावे लागले. वाक्य लांब असावे.’

१ फेब्रुवारी

पहिली खरी बैठक. सगळा वेळ आकृती क्रमांक एकमध्ये गेला. आकृतीत मानवी शरीर होतं, जसं असतं तसं.

अध्यक्षांनी पान उलटं ठेवलं आणि म्हणाले, “वयाला साजेसं, या मानकाचं काय?”

मी म्हटलं, “सर, वयोगटानुसार प्रकरणं केली आहेत.”

“पण पुस्तिका कुणाच्याही हातात पडू शकते,” वकीलबाई म्हणाल्या. “म्हणून ती सर्वांत लहान वाचकाला साजेशी हवी.”

सर्वांत लहान वाचक कोण, यावर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी ठरलं की ज्याला अक्षरं जुळवता येतात तो, म्हणजे सहा वर्षांचा. पालक प्रतिनिधींनी आपल्या नातवाला पाचव्या वर्षीच वाचता येतं असं सांगितलं. तेव्हा पाच ठरलं.

आता पूर्ण पुस्तिका पाच वर्षांच्या वाचकाला साजेशी करायची आहे. आकृतीला कपडे घालायचं ठरलं. मी स्वतः रेखाटन केलं: शर्ट आणि पँट. चर्चेनंतर कोटही घातला.

थोडी निराश झाले, खोटं कशाला लिहू. पण कायदा म्हणजे शेवटी सगळ्यांचं ऐकून घेणं. आणि कोट मी चांगला काढला.

७ फेब्रुवारी

आईची चिडचिड वाढली आहे. मी काळी चादर धुवायला टाकत होते तर हातातून ओढून घेतली. “माझं मी बघते.” हल्ली सगळे गडद कपडे घालते, ते आकाशी कपडे तिला किती शोभतात, पण कपाटात पडून आहेत. जिन्यात मध्येच थांबते. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल, शिलाईने डोळे थकतात. पुढच्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेते. “ने हो,” म्हणाली, आणि हसली.

१५ फेब्रुवारी

आजची बैठक अचूकतेवर. मला वाटलं होतं, इथे तरी डॉक्टर माझ्या बाजूने बोलतील.

डॉक्टरांनी फोन बाजूला ठेवला, हेच मोठं. म्हणाले, “हे ‘बहुतेक वेळा’ काय आहे? बहुतेक म्हणजे किती?”

मी म्हटलं, “सर, प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत वेगळं आहे, म्हणून...”

“मग ते अचूक नाही.”

“टक्केवारी घालू का?”

“टक्केवारीने माणसं घाबरतात.”

अध्यक्ष म्हणाले, “म्हणजे आकडा घातला तर भीती, नाही घातला तर अचूक नाही. वाक्यच नको.” ते नेहमी असे मार्ग काढतात.

मी हरकत घेतली म्हणून हे वाक्य शेवटी बघायचं ठरलं, पण अशी बाकीची बरीच वाक्यं गेली. शेवटी दोनच वादाचे मुद्दे उरले: उतारवयातल्या रक्तस्रावाचं ते लांब वाक्य, आणि ‘नाही म्हणण्याचा हक्क’ हा परिच्छेद, ज्यात मुलांना सांगितलंय की नको असलेल्या स्पर्शाला नाही म्हणा आणि मोठ्यांना सांगा. तो परिच्छेद माझा सर्वांत लाडका आहे. मी मनाशी हिशेब केला आणि उभी राहिले. म्हटलं, “ते रक्ताचं वाक्य मी स्वतःहून काढते. ते पाच वर्षांच्या वाचकाला तसंही साजेसं नाही. पण हक्काचा परिच्छेद राहू द्या.”

सगळ्यांनी मान डोलावली. वकीलबाई म्हणाल्या, “मुलगी शिकतेय.”

येताना बसमध्ये बरं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा वाटाघाट केली आणि मोठ्या गोष्टीसाठी छोटी सोडली. त्या वयाच्या बायकांना हे तसंही माहीत असतंच.

१९ फेब्रुवारी

दुसऱ्या मसुद्याचं वाचन. चाळीसची चौदा पानं झाली आहेत. बाबा टाकी बघायला गेले, पण त्यांना चपला सापडेपर्यंत माझी दोन पानं वाचून झाली होती, त्यामुळे इतके अवघडले की परत आल्यावर ‘संपलं का?’ एवढंही न विचारता आणखी एकदा वर गेले.

आई आज हात थांबवून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “आणि शेवटचं?”

“हेच शेवटचं.”

“मागच्या खेपेला होतं ना, ते बंद झाल्यावरचं. रक्ताचं.”

“ते काढलं. अचूकतेच्या मानकात बसलं नाही.”

“म्हणजे बरोबर नव्हतं?”

“डॉक्टरच म्हणाले, अचूक नाही.”

“मोठे डॉक्टर?”

“विभागप्रमुख आहेत.”

आईने मोठा श्वास सोडला आणि एकदम उठून चहा टाकला. किती दिवसांनी तिचा चेहरा असा मोकळा दिसला. माझ्या कामात ती इतकी गुंतली आहे की मसुदा सुधारला तर तिलाही हायसं वाटतं. मग कपडे आवरताना म्हणाली, “बाकी तुमची समिती भारी आहे हं. झगा बेतला होतास, रुमाल करत आणला.”

५ मार्च

हक्काचा परिच्छेद गेला.

पालक प्रतिनिधी म्हणाले, “मुलं एकदा नाही म्हणायला शिकली की आधी गृहपाठाला म्हणतील.” मी म्हटलं, “पण सर, गेल्या बैठकीत ठरलं होतं.” अध्यक्ष म्हणाले, “गेल्या बैठकीत तो परिच्छेद काढायचा नाही असं ठरलं होतं. ठेवायचा असं कुठे ठरलं?” मी इतिवृत्त बघितलं. ते मीच लिहिलं होतं आणि अध्यक्ष बरोबर होते.

आकृतीतल्या माणसाच्या कोटाखालीसुद्धा शरीर आहे हे कळतं, असं कुणीतरी म्हणालं. आता त्या जागी रिकामा चौकोन आहे आणि खाली ‘आकृती क्र. १’. चौकोन सर्व मानकांत बसतो.

आज प्रथमच मला रडू आलं, जिन्यात. वकीलबाईंनी बघितलं. वाईट नाहीत त्या. म्हणाल्या, “बाळा, माझ्या काळात असा कायदाच नव्हता. आता कायदा आहे. मजकूर येईल हळूहळू.” मी तोंड धुतलं. एवढ्या वर्षांच्या अनुभवातून त्या बोलत असतील.

घरी आले तर आई दुपारीच झोपली होती. ती दुपारी कधीच झोपत नाही. शिलाईची गिऱ्हाइकं फार झाली असणार.

१८ मार्च

अंतिम मसुदा. एका पानाच्या दोन्ही बाजूंना बसतो. वकीलबाईंचं म्हणणं पडलं की शेवटचं वाचन समितीच्या डोळ्यांदेखत व्हावं, म्हणजे पुढे कुणी शंका काढायला नको. आईला कार्यालयात बोलावलं आहे. मी तिला आकाशी कपडे घाल म्हटलं. तिने काळेच इस्त्री केले. “साहेबांसमोर बसायचंय,” म्हणाली. “गडद बरं.”

१९ मार्च

सगळं नीट लिहून ठेवते, क्रमाने.

आईला अध्यक्षांच्या समोरची खुर्ची दिली. ती टोकावर बसली. पालक प्रतिनिधी म्हणाले, “मावशी, घाबरू नका. परीक्षा नाही.” आई म्हणाली, “घाबरायला काय, मुलगीच वाचणार आहे.” सगळे हसले.

मी वाचलं. पूर्ण मजकूर असा: ‘आपले शरीर आपले आहे. ते स्वच्छ ठेवावे. शरीरात बदल होत असतात. बदल नैसर्गिक असतात. बदलांविषयी योग्य व्यक्तीकडून, योग्य वेळी, योग्य ती माहिती घ्यावी.’ मागच्या बाजूला हात धुण्याची पद्धत आहे.

अध्यक्षांनी विचारलं, “समजलं का, बाई?”

“समजलं, साहेब. पण योग्य व्यक्ती म्हणजे कोण?”

“म्हणजे...” अध्यक्षांनी इकडेतिकडे बघितलं. “म्हणजे उदाहरणार्थ ही पुस्तिका.”

आईने मान हलवली. मग म्हणाली, “एक विचारू? पहिल्या खेपेला हिने वाचलं होतं त्यात एक वाक्य होतं. पाळी कायमची बंद झाल्यानंतर पुन्हा कधीही रक्त दिसलं, अगदी थोडं असलं तरी, डॉक्टरांना दाखवा.” तिने ते न अडखळता म्हटलं. “ते मागाहून काढलं म्हणे. ते खोटं होतं का?”

 मी समोरचे कागद उगाच सरळ केले. डॉक्टरांनी फोनवरून वर बघितलं.

“खोटं? छे. बरोबरच आहे ते. मी रोज सांगतो बायकांना.”

“मग काढलं का?”

“अचूक नव्हतं.”

“पण खरं आहे?”

“खरं आहे हो.”

 आई पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली. मला वाटलं, मोठ्या माणसांसमोर अवघडली.

वकीलबाईंनी मात्र पेन उचललं. “अध्यक्ष महोदय, मला गंभीर शंका आहे. श्रोत्याला आधीचा मसुदा पाठ आहे. कलम सातनुसार श्रोत्याला विषयाचं विशेष ज्ञान नको. यांना ते झालेलं आहे.”

“कुणामुळे झालं?” पालक प्रतिनिधींनी विचारलं.

“आपल्याच चाचणीमुळे,” वकीलबाई म्हणाल्या.

चर्चा झाली. आईला बाहेर थांबायला सांगितलं. शेवटी ठराव झाला, तो मीच लिहिला: ‘सदर श्रोता तज्ज्ञ झाल्याने अपात्र ठरविण्यात येत आहे. श्रोत्याने मागील वाचन लक्षात ठेवू नये. यापुढे प्रत्येक वाचनास नवीन सामान्य श्रोता घ्यावा व असे श्रोते शोधण्याची जबाबदारी सहायकाची राहील.’ मग अध्यक्षांनी आपल्या गाडीच्या चालकाला वर बोलावलं. मी पान वाचलं. “समजलं का?” “समजलं साहेब. गाडी काढू?” मानक पूर्ण झालं. पुस्तिका मंजूर झाली.

बाहेर आले तर आई बाकावर बसली होती. मी म्हटलं, “आई, लोकांसमोर असं कशाला विचारायचं?” ती उठली. आम्ही बसथांब्यापर्यंत चालत आलो. मग म्हणाली, “तो डॉक्टर खरं आहे म्हणाला ना? तूही ऐकलंस?”

“हो.”

“मग मला दाखवायला पाहिजे.”

“काय दाखवायला?”

ती माझ्याकडे बघत नव्हती, बस येते त्या बाजूला बघत होती. “नवीन वर्षाच्या सुमाराला सुरू झालं. आधी थोडंच होतं. तू ते वाचलंस तेव्हा म्हटलं, जाऊ या. दोन दिवसांत जाणारच होते, पण गिऱ्हाइकाचे कपडे द्यायचे होते, आणि मन होईना. मग तू म्हणालीस, डॉक्टर म्हणतात ते बरोबर नाही. म्हटलं, चला, सुटले.”

बस आली. आम्ही चढलो. ती खिडकीशी बसली.

मी तिला सांगितलं नाही की ते वाक्य मी स्वतःहून सोडून दिलं होतं.

२१ मार्च

सरकारी रुग्णालय. बायकांच्या विभागाबाहेर दोन्ही बाजूंना बाकडी, आणि बाकड्यांवर न मावलेल्या बायका भिंतीशी उभ्या. आमची पाळी आली. आत तेच डॉक्टर होते. आईला त्यांनी ओळखलं नाही. रोज किती चेहरे बघत असतील. मी मागे उभी होते, मलाही नाही.

तपासून झाल्यावर हात धुता धुता ते रागावले. “अडीच महिने? इतके दिवस काय करत होतात बाई? थोडं जरी दिसलं तरी यायचं असतं. कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?”

“सांगितलं होतं डॉक्टर,” आई म्हणाली. “मागाहून काढून टाकलं.”

त्यांचे हात नळाखालीच थांबले. त्यांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. नळ चालूच राहिला होता. तो त्यांनी बंद केला आणि तपासण्या लिहून दिल्या, सगळ्यांवर ‘तातडीने’ लिहिलं. आम्ही दारापर्यंत गेल्यावर म्हणाले, “अहवाल आला की थेट माझ्याकडे या. रांगेत थांबू नका.”

बाहेर येऊन आई म्हणाली, “रांगेत थांबायला काय झालंय मला.” आणि मग बाकड्यावर बसून रडली. त्याआधी मी तिला कधीच रडताना बघितलं नव्हतं. मला काय करावं कळेना, म्हणून तिची पर्स धरून बसले.

२ एप्रिल

गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग. पुढे पसरल्याचं दिसत नाही असं म्हणाले, पण शस्त्रक्रियेनंतरच नक्की कळेल. मी विचारलं, “अडीच महिन्यांनी फरक पडला का?” डॉक्टर म्हणाले, “बहुतेक नाही.” मग स्वतःच पुढे म्हणाले, “त्याहून अचूक मला सांगता येणार नाही.”

बाबांना संध्याकाळी सांगितलं. ते उठले. मला वाटलं, गच्चीवर जाणार. ते आईच्या शिलाईच्या मशीनपाशी गेले, त्यावर झाकण घातलं, आणि तिथेच उभे राहिले. म्हणाले, “मला का नाही सांगितलंस?” आई म्हणाली, “तुम्ही टाकी बघायला गेला होतात.”

ती चेष्टेने म्हणाली. बाबा हसले नाहीत.

मग मी वाटाघाटीचं सांगितलं. कोणतं वाक्य कशासाठी दिलं ते सगळं. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“आणि ते मुलांचं तरी राहिलं का?”

“नाही.”

“मग काय बाजार केलास गं?” ती म्हणाली. तेवढंच. नंतर मला जेवायला वाढलं.

१६ एप्रिल

शस्त्रक्रिया झाली. वेळ लागला, पण झाली. आईने शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा विचारलं, “खणाला तेल घातलंस का?” बहुतेक गुंगीत होती.

२४ एप्रिल

आमच्या पुस्तिकेला ‘सर्व मानकांचे संपूर्ण पालन’ असा गौरव मिळाला. अध्यक्षसाहेबांचा फोटो, हातात पुस्तिका. फोटोत ते पान इतकं पातळ दिसतं की त्यांची बोटंच दिसतात. मलाही प्रमाणपत्र आहे. त्यावर ‘सहायक’ लिहिलंय.

राजीनामा द्यावा असं वाटलं. लिहिलाही, फार छान उतरला. मग वाटलं, तोही मंजूर होईल.

२७ एप्रिल

आज तेल घालून तो न उघडणारा खण उघडला. त्यात माझ्या आधीच्या सहायकाचं सामान होतं: एक कंगवा, सुकलेली शाई, आणि कायद्याची प्रत, कोरी, एकही चिठ्ठी नसलेली. ती मी पहिल्या दिवसासारखी पुन्हा पहिल्यापासून वाचली. या वेळी प्रेमाने नाही, वकीलबाईंसारखी.

कलम सातच्या शेवटी आहे: ‘मसुद्याचे सामान्य श्रोत्यासमोर केलेले वाचन ही चाचणी समजावी. चाचणी हा कार्यक्रम नव्हे. चाचणीस मंजुरीची आवश्यकता नाही.’ आणि समितीचा ठराव आहे: प्रत्येक वाचनास नवीन श्रोता, आणि शोधण्याची जबाबदारी सहायकाची. कोणता मसुदा हे कुठेही लिहिलेलं नाही. किती वेळा, हेही नाही.

वकीलबाईंकडे गेले. विचारलं, “मॅडम, पुस्तिका मंजूर झाली तरी चाचण्या थांबवा असं कुठे म्हटलंय का?”

त्यांनी चिठ्ठ्या उलटल्या. बराच वेळ उलटल्या. मग चष्म्यावरून बघितलं. “नाही म्हटलेलं.”

“मग चालू ठेवणं बेकायदा?”

“न ठेवणं बेकायदा होईल कदाचित,” त्या म्हणाल्या, आणि प्रत मिटायचा प्रयत्न केला. “मला यातलं काही विचारलं नाहीस तू.”

डॉक्टरांनाही विचारलं, विभागाबाहेर वाचू का म्हणून. ते अहवाल बघत होते. “चाचणीच आहे ना? मग बाहेर कर, आत गर्दी नको.” मी वळले तेव्हा म्हणाले, “ते ‘बहुतेक वेळा’ तसंच ठेव.”

११ मे

आईची तपासणी होती. अहवाल चांगला आहे, पसरलेलं नव्हतं. आता दर काही महिन्यांनी दाखवत राहायचं. आईने आकाशी कपडे घातले होते. बाबाही आले होते.

पाळी यायला वेळ होता. मी बाकड्यांमध्ये उभी राहिले, पहिला मसुदा काढला, चाळीस पानांचा, आणि म्हटलं, “मी सरकारी कामासाठी आले आहे. एक मजकूर समजतो का बघायचंय. कुणाला नको असेल तर ऐकू नका.” कुणी उठलं नाही. बाकड्यावरची जागा सोडून कोण उठणार.

पहिल्या पानाला सगळ्या जमिनीकडे बघत होत्या. तिसऱ्या ओळीला बाबा उठले. मी मनात म्हटलं, इथे टाकी कुठे सापडणार यांना. ते भिंतीशी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना म्हणाले, “बसा,” आणि स्वतः मागे जाऊन उभे राहिले. मग तिथून म्हणाले, “मागे ऐकू येत नाही. जरा मोठ्याने वाच.”

मी मोठ्याने वाचलं. शेवटच्या प्रकरणापर्यंत आले. ते वाक्य वाचलं तेव्हा एक बाई, हिरव्या पिशवीवाली, म्हणाली, “परत वाचा हो.” मी परत वाचलं. या वेळी शेऱ्यांत काही लिहिलं नाही. तिच्याकडे बघितलं. म्हटलं, “तुम्ही याच्यासाठीच आलात का?”

“मी सुनेबरोबर आलेय,” ती म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, “माझा केसपेपर कुठे काढायचा?”

आईने नोंदणीची खिडकी दाखवली. मग ती बाकीच्यांकडे वळली, जुन्या कर्मचाऱ्यासारखी.

“आता ही विचारेल, समजलं का. समजलं असेल तर समजलं म्हणा,” ती म्हणाली. “पण आठवतंय असं कुणाला सांगू नका. सांगितलं की काढून टाकतात.”